ऑस्करच्या नावाची मूठ

आमचे जळगावचे घरमालक कोणाच्याही तोंडावर जांभई द्यायचे. झोप आली म्हणून नव्हे. समोरच्याने आवाज चढवला की नाना मान थोडी वळवायचे, डोळे अर्धे मिटायचे आणि अशी सावकाश, ऐसपैस जांभई द्यायचे की भांडणाऱ्याचा पुढचा शब्द घशातच राहायचा. नळाच्या पाण्यावरून वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाडकरू भांडायला आले, तेव्हा मी हे पहिल्यांदा पाहिलं आणि म्हातारा उद्धट आहे असं माझं मत झालं. ते मी अजूनही पूर्ण बदललेलं नाही. पण कारण नंतर कळलं. नानांचं म्हणणं, भांडण टाळायचं असलं की कुत्री जांभई देतात, तोंड फिरवतात, समोरून न येता वळसा घालून येतात. ही रीत नानांना इतकी पटली होती की त्यांनी ती माणसांनाही लागू केली होती.

म्हणून ते कोणाशी बोलताना समोरासमोर बसत नसत. खुर्ची तिरकी करून, खांदा आपल्याकडे आणि तोंड जास्वंदीच्या झाडाकडे, असे बसायचे. डोळ्यांत डोळे घालून बघणं त्यांच्या हिशेबी धमकी होती. सांत्वनाला गेले तरी भिंतीकडे तोंड. एका लग्नात म्हणे व्याह्यांचा मानपानावरून आवाज वाढला आणि नानांनी भर मांडवात जांभई दिली. त्यांच्या बायकोला, अक्कांना, ती जांभई निस्तरायला दोन सणवार लागले.

नाना एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सगळी नोकरी काचेच्या खोक्यात बसून भोंग्यातून गाड्या पुकारण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं की आता ओरडायचं नाही. बोलायचे ते इतक्या खालच्या आवाजात की आपल्याला वाकावं लागे. शर्टाच्या खिशात कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचे वाळवलेले तुकडे असायचे, अक्कांनी बिनमिठाचे थापलेले. गल्लीतली झाडून सगळी कुत्री त्यांना ओळखायची. त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती माझ्या कुत्र्याबद्दल.

मी धुळ्याची. बँकेच्या नोकरीत जळगावला बदली झाली आणि नानांच्या घराचा खालचा भाग भाड्याने घेतला. पहिल्या वर्षी फैजपूरच्या एका सहकाऱ्याने त्याच्या केळीच्या बागेतलं पिल्लू दिलं. तांबूस, कानांची टोकं काळी. मी त्याला ऑस्कर नाव ठेवलं, गादी आणली, बाहेरची बिस्किटं मागवली, अंघोळीचा वेगळा साबण घेतला. त्याचे वाढदिवसाचे फोटो काढले. त्याला मांडीवर घेऊन, गळ्यात हात टाकून काढलेला फोटो बँकेतल्या टेबलावर ठेवला. नानांनी तो एकदा पाहिला आणि म्हणाले, "त्याना डोयानं पांढरं देख. कान देख. त्याले सुटानं शे." त्यानंतर मला तो फोटो बघता येईना. खरंच, त्याचे डोळे कडेला वळले होते आणि कान मागे चिकटले होते. दोन वर्षं मी त्याला हसरा समजत होते.

ऑस्कर हे नाव नानांच्या तोंडी बसलं नाही. ते त्याला 'भाऊ' म्हणायचे आणि अहोजाहो करायचे. "या भाऊ. बठा." मला मात्र पहिल्या दिवसापासून अगं-तुगं. कुत्र्याला पुस्तकी मराठी कळत नाही, त्याच्याशी आपल्या बोलीतच बोलावं, असा त्यांचा एक सिद्धान्त होता. त्याला काही आधार नव्हता, पण 'ऑस्कर, कम' म्हटलं की तो विचार करायचा आणि 'भाऊ, चाला' म्हटलं की उठायचा. हे मी स्वतः पाहिलंय.

हे सगळं मी गमतीने सांगतेय असं वाटेल. तसं नाही. मला त्या माणसाचा मनापासून मत्सर वाटायचा. संध्याकाळी बँकेतून आले की ऑस्कर फाटकापर्यंत धावत यायचा, माझ्याभोवती चार फेऱ्या मारायचा, चप्पल हुंगायचा, आणि मग जायचा ते थेट नानांच्या खुर्चीपाशी. मी पर्स हातात घेऊन उभी. त्या क्षणी मला दोघांचाही राग यायचा, नानांचा जास्त. स्वतःचं कुत्रं पाळायला काय झालं होतं त्यांना? विचारलं तर म्हणाले, आधी होता एक, आता दुसरा नको. आणि मग माझाच घेतला.

एकदा मी जिंकले असं मला वाटलं. ओट्यावर आम्ही दोघं बसलो होतो आणि ऑस्कर मध्ये. त्याची पाठ नानांकडे होती आणि तो टक लावून माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "बघा नाना, माझ्यावरून नजर हलत नाही त्याची."

नाना झाडाकडे बघतच म्हणाले, "तो तुले देखी ऱ्हायना, कारण तू आते काय करशी ते त्याले माहीत नई. मनाकडे पाठ शे. पाठ कोणाकडे करतस? ज्याना भरोसा शे त्याकडे."

मी उठून आत गेले आणि भांडी घासायला काढली. घासलेलीच भांडी होती.

त्यांचं सगळंच खरं निघायचं असंही नाही. एकदा ऑस्कर लंगडू लागला, जेवेना. नाना म्हणाले, काटा आहे, आणि पंजा तासभर चाचपत बसले. मी त्याला रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, गोचिडाचा ताप आहे, आणखी उशीर केला असता तर अवघड होतं. कुत्रं माझ्या पायाशी मलूल पडलेलं आणि मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, की नाना चुकले. घरी येऊन मी त्यांना गोचिडांवर व्याख्यान दिलं, अंगण कसं साफ ठेवावं, औषध केव्हा लावावं. त्यांनी जांभई दिली. पण दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी ऑस्करचे कान, बोटांच्या फटी आणि शेपटीचं मूळ तपासायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. म्हणजे मी जिंकले आणि कुत्रं आणखी थोडं त्यांच्याकडे गेलं.

उन्हाळ्यात तर त्यांनी माझी गल्लीत शोभा केली. जळगावचा मे महिना काय असतो ते ज्याने भोगलाय त्यालाच माहीत. सुट्टीचा दिवस होता, उठायला उशीर झाला, ऊन वर आलं तसं मी ऑस्करला फिरवायला काढलं. नाना फाटकात आडवे.

"चप्पल काढ," ते म्हणाले.

"कशाला?"

"काढ तं खरी. डांबरवर हुभी ऱ्हाय."

समोरच्या बायका पापड वाळत घालत होत्या. मी हट्टाने चप्पल काढली, डांबरावर पाय ठेवला आणि उडी मारून परत फाटकात आले. बायका हसल्या. नानांनी हसण्याचीही तसदी घेतली नाही. "भाऊले चप्पल ऱ्हास का?" एवढंच म्हणाले आणि त्याला घेऊन जास्वंदीच्या सावलीत ओल्या पोत्यावर बसवलं. त्या दिवसापासून आम्ही उजाडताना फिरायला जाऊ लागलो. चालायची मी, पण वेळ त्यांची.

आणि मग आमच्या मॅनेजरसाहेबांचा प्रसंग. साहेब चहाला आले. मी घर आवरलं, चिवडा केला, ऑस्करला अंघोळ घातली. साहेब दारातच वाकले, दोन्ही हात त्याच्या डोक्याकडे. ऑस्कर जागच्या जागी ताठ झाला, शेपटी उभी करून हलवू लागला. मी म्हणाले, "या ना साहेब, बघा शेपटी हलवतोय." तेवढ्यात नाना कुठूनसे आले. दोघांच्या मधून, अगदी साहेबांच्या नाकाजवळून, आडवे चालत गेले, पलीकडे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि जांभई दिली. साहेब मागे सरकले. ऑस्करने अंग झाडलं, ओठ चाटले आणि जमीन हुंगू लागला.

साहेब गेल्यावर मी फणफणत नानांकडे गेले. ते म्हणाले, "शेपटी हालस म्हणीसन तो खूश शे, अस कोणी सांगं तुले? काठीगत ताठ व्हती ती. आंगबी हाले ना. वाकीसन डोकावर हात ठेवा व्हता, तं त्या हातले पट्टी बांधनी पडती." बँकेत मात्र साहेब सगळ्यांना सांगत राहिले, की मॅडमचं कुत्रं गोड आहे, घरमालक वेडा आहे. मला ते ऐकायला बरं वाटायचं.

आता कानबाईचं सांगते, कारण खरं दुखणं तिथे आहे.

श्रावणात आमच्याकडे खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते. रविवारी बसते आणि सोमवारी तिला निरोप. तिच्या नैवेद्याला रोट करतात, आणि रोटाचा गहू मापून घेत नाहीत, मुठीने घेतात. आमच्या घरी प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. त्या पिठाचे रोट, म्हणजे गुळाच्या जाड पोळ्या, सोबत खीर, कटाची आमटी, गंगाफळाची भाजी. आणि ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. शेजारी कितीही जिवाभावाचा असला तरी त्याला कण देत नाहीत. ज्याच्या नावाने मूठ पडली तो घरातला, बाकीचे दाराबाहेर. लहानपणी धुळ्यात मी माझ्या आजोबांना परात पुढे घेऊन मुठी टाकताना बघायचे. माझ्या धाकट्या भावाचं नाव यायचं, पाळण्यातल्या चुलतभावाचं यायचं. माझं येत नसे. रोट खायला मिळायचे, म्हणून मी कधी काही विचारलं नाही.

त्या वर्षी मला ऑस्करला धुळ्याला न्यायचं होतं. आई फोनवर म्हणाली, "कानबाई बसस घरमा, आन् तू कुत्रं लई येशी? काही नई. तठेच ठेव." मी त्याला नानांकडे ठेवलं आणि एकटी गेले. परत आले तेव्हा अक्का ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "तू गयी आन् तो फाटकमा बठना. पाणीले बी तोंड लाये ना."

हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. मला फार बरं वाटलं.

"मंग यासनी त्याना नावनी मूठ टाकी," अक्का पुढे म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. सुरतेहून मुलं आलेली, नानांचे धाकटे भाऊ आलेले, सगळे परातीभोवती बसलेले. शेवटची मूठ टाकून झाल्यावर नानांनी पुन्हा पोत्यात हात घातला आणि म्हणाले, ही भाऊंची. धाकटे भाऊ भडकले. "कुत्राना नावनी मूठ? नाना, देवीनं काम शे हाई." नानांनी जांभई दिली आणि मूठ परातीत सोडली. त्या पिठातला त्याच्यापुरता वेगळा रोट केला, गूळ नाही, मीठ नाही, जायफळ तर मुळीच नाही, ते कुत्र्याला बाधतं. नैवेद्य झाल्यावर नाना फाटकापाशी जाऊन बसले, आणि मग ऑस्करने तो खाल्ला.

परक्या गावचा माणूस म्हणेल, छान झालं, कुत्र्याची सोय झाली. पण मी खानदेशातली आहे. रोट खाल्ला म्हणजे तो त्यांच्या घरचा झाला, यावर आमच्याकडे वाद होत नाही. दुकानातून आणलेल्या बिस्किटांनी, साबणाने, गादीने मला जे जमलं नव्हतं ते त्यांनी सव्वा मूठ गव्हाने करून टाकलं होतं. मी महिनाभर नानांशी कामापुरतं बोलले. त्यांना ते कळलंही नसावं, कारण ते तसेही झाडाकडेच बघत.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली पुन्हा धुळ्याला झाली. मी पेढे घेऊन नानांकडे गेले. खरं सांगायचं तर पेढे बदलीचे नव्हते, ऑस्करला त्यांच्यापासून नेता येणार याचे होते. त्यांनी पेढा घेतला, न खाता हातातच ठेवला आणि म्हणाले, "मंग आतेपासूनच त्याले सवय लावनी पडी."

आणि त्यांनी सुरुवात केली. मला सांगितलं, किल्ल्या वाजव, बाहेर जा, लगेच परत ये, येताना लाड करू नको. उद्या थोडा जास्त वेळ. एकटं राहणं हे त्याला साधं वाटलं पाहिजे, धुळ्यात दिवसभर दाराशी रडायला नको. मला सोडून राहण्याची सवय त्यांनी त्याला अशी लावली. स्वतःची सवय मात्र तोडली. खिशात भाकरीचे तुकडे ठेवणं बंद केलं. ओट्यावरची खुर्ची आत नेली. ऑस्कर त्यांच्या बंद दाराशी जाऊन बसायचा, आणि आतून आवाज यायचा, "भाऊ, तुमना घर जा." मी खिडकीतून बघायचे. नाना दुसऱ्या खिडकीच्या गजाआडून त्याच्याकडे बघत असायचे. मला दया आली का? थोडी आली. पण ऑस्कर उठून माझ्याकडे यायला लागला तेव्हा मी त्याला जवळ घेतलं आणि मुद्दाम मोठ्याने त्याचं नाव घेतलं.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी पट्ट्याला लावायला पितळी बिल्ला आणून दिला. नव्या घरी कुत्रं पळतं आणि जुन्या घराच्या वाटेला लागतं, म्हणून सुरुवातीला दोरी सोडायची नाही आणि बिल्ल्याशिवाय बाहेर काढायचं नाही. गादीचा अभ्रा धुवायचा नाही, जुना वास राहू द्यायचा. बिल्ल्याच्या एका बाजूला माझा नंबर कोरला होता. उलटून पाहिलं तर दुसऱ्या बाजूला त्यांचा. तो घासून काढावा असं माझ्या मनात आलं होतं. निघताना ते घरी नव्हते. अक्का म्हणाल्या, स्टँडवर जाऊन बसलेत, निरोपाचा तमाशा कुत्र्याला समजत नाही, तो नुसता घाबरतो.

धुळ्यात ऑस्कर रुळला. पहिले काही दिवस फाटकाकडे तोंड करून बसला, मग सोडून दिलं. मी स्वतंत्र घर घेतलं होतं, आई जवळच. मला वाटलं, संपलं, आता हा माझा. आणि श्रावण आला.

कानबाईच्या रविवारी सकाळी दार वाजलं. नाना उभे, हातात कापडी पिशवी, पहिल्या एसटीने आलेले. मी ऑस्करकडे बघत राहिले. मनात एकच, ओळखू नको, ओळखू नको. नाना दारातच तिरके उभे राहिले, भिंतीकडे बघत. ऑस्कर सावकाश गेला, त्यांचा पायजमा हुंगला आणि त्यांच्या पायाशी, माझ्याकडे तोंड करून, पाठ टेकून बसला.

"भाऊले लेवाले उनू," नाना म्हणाले.

मी म्हटलं, "तो येणार नाही. त्याला आता इथली सवय झाली आहे. ती तुम्हीच लावलीत."

त्यांनी जांभई दिली. माझं डोकंच फिरलं. "जांभया देऊ नका नाना. माझा कुत्रा आहे तो. मी वाढवलाय."

"तुनाच शे," ते म्हणाले. "कोणी नई सांगं? पण मूठ टाकाई गयी. तो नई उना तं तो रोट खाई कोण? दुसराले चालत नई."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि माझ्या नावाची मूठ कोणी टाकली कधी? त्याच्या नावाची पडते. मी एवढी मोठी झाले, माझ्या बापाच्या घरी कधी पडली नाही."

बोलल्यावर मलाच कळलं, की इतके दिवस मी चुकीच्या माणसावर जळत होते. मला नानांचा हेवा नव्हताच तेवढा. मला माझ्या कुत्र्याचा हेवा वाटत होता.

नानांची जांभई अर्ध्यात थांबली. पहिल्यांदाच त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं, डोळ्यांत डोळे घालून. मग म्हणाले, "लेकीसनी मूठ ऱ्हास नई, बेटा." त्यात समजूत नव्हती की उपदेश नव्हता. जे आहे ते सांगितलं.

एसटीत कुत्र्याला कोण घेणार. धुळ्यात घेतलेली गाडी मीच काढली. आईला फोन करून सांगितलं, संध्याकाळपर्यंत येते. ती काय म्हणाली ते लिहीत नाही. पारोळा, एरंडोल करत आम्ही जळगावला पोचलो. वाटेत नाना मागच्या सीटवर, ऑस्कर त्यांच्या शेजारी, काच थोडीच खाली, डोकं बाहेर काढू द्यायचं नाही.

घरात गर्दी होती. मी आपणहून ओट्यावर बसले, माझी जागा मला माहीत होती. आत आरती झाली, नैवेद्य झाला. "भाऊ, या," असा नानांचा आवाज आला आणि ऑस्कर माझ्याकडे न बघता उंबरा ओलांडून आत गेला. धाकट्या भावाचा कुरकुरण्याचा आवाज आला, मग थांबला. जांभई दिली असणार. अक्कांनी मला बाहेर चहा आणून दिला, सोबत दुकानातली शेव. रोटाचा वास सगळीकडे भरला होता. मी शेव खात होते आणि मला रडू येईल असं वाटत होतं.

थोड्या वेळाने नाना हात पुसत बाहेर आले, मागे ऑस्कर. खुर्ची पुन्हा ओट्यावर आली होती, पण ते खुर्चीवर बसले नाहीत. माझ्या खालच्या पायरीवर बसले. तिरके नाही. खांदा वळवून नाही. रस्त्याकडे तोंड करून, माझ्याकडे सरळ पाठ करून बसले. ऑस्कर आला, त्याने दोन फेऱ्या मारल्या आणि त्यांच्या शेजारी तसाच बसला, पाठ माझ्याकडे.

नाना कोणाकडे अशी पाठ करून बसल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. अक्का दारात उभ्या होत्या, त्यांनीही पाहिलं. त्या माझ्या कपात आणखी चहा ओतून आत गेल्या.

मी त्या दोन पाठींकडे बघत चहा संपवला. तरी एक सांगते, ऑस्कर त्यांच्याच बाजूला जरा जास्त रेलला होता.